काखेत कळसा: एजंटला वस्तू ओळखायला शिकवताना

गेले चार महिने माझं काम एकच आहे, एआय एजंटला (भाषेच्या मॉडेलवर चालणारा, स्वतः कमांड देत काम करणारा प्रोग्राम) मजकुरातल्या घरात सोडायचं, एखादी वस्तू शोधायला सांगायची आणि ती का सापडली नाही हे बसून वाचायचं. मजकुरातलं घर म्हणजे चित्र नाही, कॅमेरा नाही, नुसती वाक्यं. तू खोलीच्या मधोमध उभा आहेस, आजूबाजूला कॅबिनेट १, कॅबिनेट २, काउंटरटॉप १, फ्रिज १, सिंकबेसिन १ दिसतंय, तुझं काम अमुक अमुक, बस. एजंट एक कमांड टाकतो, समोरून एखादी ओळ येते, त्यावरून तो पुढची टाकतो, असं चालत राहतं. वस्तू सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग असेल असं मी धरून चालले होते आणि खरं घोडं तिथेच अडलेलं निघालं.

सुरुवात आम्ही अल्फवर्ल्डवर केली. हे २०२० मधे आलेलं वातावरण आहे, म्हणजे एजंटला सोडायचं असं तयार मजकुरातलं घर, आल्फ्रेड नावाच्या चित्रांवर चालणाऱ्या घरकामाच्या डेटासेटमधली कामं त्यांनी टेक्स्टवर्ल्ड या इंजिनवर मजकुरात आणली (टेक्स्टवर्ल्ड मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं, २०१८ चं). कामांचे प्रकार सहाच, वस्तू उचलून ठेवणे, धुवून ठेवणे, गरम करून ठेवणे, थंड करून ठेवणे, दिव्याखाली बघणे, आणि एकाच प्रकारच्या दोन वस्तू ठेवणे. आधी न पाहिलेल्या खोल्यांचे १३४ गेम्स चाचणीसाठी असतात आणि साधारण ५० पावलांची (एक पाऊल म्हणजे एक कमांड) मर्यादा ठेवतात. २०२२ च्या रिॲक्ट पेपरमधे याच १३४ गेम्सवर नुसत्या कृती करणारं मॉडेल ४५ टक्क्यांपर्यंत आणि मधेमधे विचार लिहून मग कृती करणारं ७१ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, दोन्ही आकडे त्यांच्या सगळ्यात चांगल्या रनचे. म्हणजे विचार लिहून घेतला की फरक पडतो हे माहीतच होतं, मला बघायचं होतं की त्या विचारात नेमकं काय लिहायला लावलं तर वस्तू ओळखली जाते.

पहिल्या आठवड्यात मी काहीच बदललं नाही, फक्त फेल झालेले रन्स (एका कामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या सगळ्या ओळी) प्रिंट काढून पेनाने खुणा करत वाचले. हे मी कुणालाही मनापासून सांगेन, यशाची टक्केवारी बघून काहीच कळत नाही, अख्खा रन पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो. मला वाटत होतं एजंट चुकीच्या जागी शोधत भटकत असेल. भटकंती होती, पण निम्म्याहून जास्त वेळा वस्तू त्याच्या समोर येऊन गेलेली असायची.

एक रन मला अजून पाठ आहे. काम होतं 'मग', म्हणजे कॉफीचा मग, थंड करून कॉफी मशीनमधे ठेवायचा. एजंट काउंटरटॉप १ जवळ गेला, उत्तर आलं की काउंटरटॉपवर ब्रेड १, चाकू २, मग ३ आणि मिरपूड शेकर १ दिसतंय. त्याने टाकलं, मग १ उचल. उत्तर, काहीच घडलं नाही. परत मग १ उचल, परत काहीच घडलं नाही. मग त्याने विचार लिहिला की इथे मग दिसत नाही, कॅबिनेट बघतो, आणि निघून गेला आणि उरलेली सगळी पावलं कॅबिनेट आणि ड्रॉवर उघडण्यात संपवली! मग समोर होता, फक्त त्याचं नाव मग ३ होतं. आम्ही प्रॉम्प्टमधे, म्हणजे एजंटला सुरुवातीला दिलेल्या सूचनांमधे, जी नमुन्याची उदाहरणं दिली होती त्यात मग १ होता, तो आकडा त्याने डोक्यात धरला होता. अल्फवर्ल्डमधे नंबरला तसा काही मान नाही, कामात मग म्हटलंय म्हणजे कुठलाही मग चालतो, पण उचलताना मात्र समोरच्या ओळीत जे नाव आहे तेच अक्षरशः टाकावं लागतं. म्हणजे शोधताना नंबर विसरायचा आणि उचलताना नंबर काटेकोर पाळायचा. आपल्याला हे सांगावंसुद्धा लागत नाही, त्याला दोन्ही वेगवेगळं सांगावं लागलं.

आणि ते 'काहीच घडलं नाही' हे उत्तर फार त्रासदायक आहे, कारण नंबर चुकला, कपाट बंद आहे, हात रिकामा नाही, वाक्याची रचना चुकली, सगळ्याला एकच उत्तर. एजंट प्रत्येक वेळी त्याचा एकच अर्थ लावायचा, वस्तू इथे नाही.

दुसरी गोष्ट दिव्याच्या कामांत दिसली. काम असतं, सीडी डेस्कलॅम्पखाली बघ. इथे शोधायच्या गोष्टी दोन आहेत पण उचलायची एकच, दिवा जिथे आहे तिथेच राहतो, सीडी हातात घेऊन दिव्यापाशी जायचं आणि दिवा लावायचा. एजंटला बऱ्याचदा दिवा आधी दिसायचा, कारण तो डेस्कवर उघड्यावर असतो, आणि दिसला की तो दिव्यालाच लक्ष्य समजायचा, उचलायला बघायचा, नाही जमलं की बिनसीडीचा दिवा लावायचा आणि काम झालं म्हणायचा. इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की 'टार्गेट ऑब्जेक्ट' हा एक शब्द आपण वापरतो पण कामाच्या वाक्यात तीन वेगळी नाती असतात, जी वस्तू हातात यायला हवी ती, जी वस्तू साधन म्हणून लागणार ती, आणि जिथे जाऊन पोचायचं ती. गरम सफरचंद फ्रिजमधे ठेव या कामात तर फारच गोंधळ, मायक्रोवेव्ह साधन, फ्रिज ठिकाण, आणि सफरचंद शोधायला फ्रिज उघडलेला, त्यामुळे फ्रिजमधे हात घातल्यावर आपण शोधतोय का ठेवतोय हेच तो विसरायचा.

तिसरा प्रकार मात्र मनाला लागला. एजंटने साबण उचललाय, हातात आहे, आणि दहा पावलांनी विचार लिहितो, आता मला साबण शोधायला हवा, आणि ड्रॉवर उघडायला लागतो. अक्षरशः काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तो रन मैत्रिणीला दाखवला, ती माझ्याच टीममधे आहे आणि मुळात भाषाशास्त्रवाली आहे. ती सगळं शांतपणे वाचून म्हणाली, अगं त्याला वस्तू ओळखता येतेय, त्याने ती ओळखली हे त्याने कुठे लिहूनच ठेवलं नाहीये, मग त्याला आठवणार कसं? तिच्या या वाक्यापासून पुढचं सगळं सुरू झालं.

मी प्रत्येक पावलाआधी एजंटला एक छोटी चिठ्ठी लिहायला लावली, चार ओळींची, आणि ती दरवेळी पूर्ण नव्याने लिहायची, आधीची पुढे ढकलायची नाही. पहिल्या ओळीत हवी असलेली वस्तू, नुसता प्रकार, नंबर नाही. दुसऱ्या ओळीत आत्ता हातात काय आहे, नंबरसकट, नाहीतर 'रिकामा'. तिसरीत कुठल्या जागा बघून झाल्या आणि तिथे काय दिसलं. चौथीत समोरच्या उत्तरातल्या वस्तूंपैकी पहिल्या ओळीतल्या प्रकाराशी जुळणारं काही आहे का, आणि असेल तर ते नाव उत्तरातून जसंच्या तसं उतरवायचं. ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरली, कारण आधी तो कृती ठरवायचा आणि मग नाव आठवणीतून भरायचा, आता नाव आधी उतरवावं लागत होतं आणि कृती त्या नावावर करावी लागत होती. मग १ उचल हा प्रकार जवळजवळ थांबलाच.

तिसऱ्या ओळीत मला एक दुरुस्ती लगेच करावी लागली. तो बंद कॅबिनेटपाशी जायचा, उत्तर यायचं की कॅबिनेट १ बंद आहे, आणि तो लिहायचा, कॅबिनेट १ बघितलं, काही नाही. बंद म्हणजे बघितलेलं नाही, हे त्याच्या चिठ्ठीत वेगळं दिसायला हवं होतं, म्हणून प्रत्येक जागेपुढे तीनच शब्द चालतील असं ठरवलं, 'पोचलो-बंद', 'उघडून-पाहिलं', 'उघड्यावर-पाहिलं'. नंतर बऱ्याच रन्समधे वस्तू याच 'पोचलो-बंद' जागांमधे सापडली.

दोन वस्तूंच्या कामात ही चिठ्ठी पुरली नाही. दोन साबण टॉयलेटवर ठेव. एजंट एका वेळी एकच वस्तू धरू शकतो, त्यामुळे पहिला साबण ठेवून दुसरा शोधायला निघायचं. तो निघायचा, फिरून परत टॉयलेटपाशी आला की उत्तरात साबण २ दिसायचा, जो त्याने स्वतःच ठेवलेला, आणि चिठ्ठीप्रमाणे जुळतोय म्हणून तो उचलायचा. नियमाने वागत होता बिचारा, नियमच अपुरा होता. मग पाचवी ओळ आली, 'जागेवर पोचवलेल्या वस्तू', इथे मात्र नंबर हवाच, आणि जुळणी करताना या ओळीतली नावं वगळायची.

आता माझी एक मोठी चूक, जी सांगितली नाही तर हे लिहिण्याला अर्थ नाही. अल्फवर्ल्डमधे ठरावीक साच्यातल्या कामांशिवाय माणसांनी आपल्या शब्दांत लिहिलेली कामंही आहेत, तिथे माणूस फोन म्हणतो आणि वातावरणात त्याचं नाव सेलफोन असतं, माणूस लॅम्प म्हणतो आणि घरात डेस्कलॅम्पही असतो आणि फ्लोअरलॅम्पही. म्हणून मी उत्साहाने समानार्थी शब्दांची लांबलचक यादी करून प्रॉम्प्टमधे घातली, आणि त्यात मग आणि कप एका ओळीत लिहिले, पॅन आणि पॉट एका ओळीत, चाकू आणि बटरनाइफ एका ओळीत. आपल्याला बोलताना ते सारखेच असतात. पण अल्फवर्ल्डमधे मग वेगळा आणि कप वेगळा, आणि एजंट आता आनंदाने कप धुवून जागेवर ठेवायचा आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश काही यायचा नाही, मग तो तोच कप परत परत धुवायचा. दोन दिवस मी धुण्याच्या कमांडमधे बग शोधत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की घोळ मीच घातलेल्या यादीत आहे.

ती यादी मी पूर्ण काढून टाकली. त्याऐवजी कामाच्या सुरुवातीला एकदाच, कुठलीही कृती करण्याआधी, एजंटला वातावरणातल्या प्रकारांची नावं देऊन विचारायचं की या वाक्यातली वस्तू यापैकी कुठली. वाक्यातला शब्द यादीत जसाच्या तसा असेल तर प्रश्नच नाही, तोच घ्यायचा, जवळचा वाटला तरी दुसरा चालणार नाही. नसेल तरच जवळचा शोधायचा, आणि एकाहून जास्त जवळचे असतील तर सगळे उमेदवार म्हणून लिहून ठेवायचे आणि घरात जो दिसेल त्यावरून ठरवायचं. ओळख आधी पक्की, शोध नंतर. हे करायला मला एक महिना लागला कारण मला वाटायचं मॉडेल एवढं शहाणं आहे, ते संदर्भाने समजून घेईल, आणि ते घेतंही, पण पंचवीस पावलांनंतर त्याची समजूत हळूच सरकते, मगचा कप होतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

वस्तू कुठे असण्याची शक्यता जास्त हे मॉडेलला चांगलं कळतं, स्प्रे बाटली सिंकजवळ किंवा कॅबिनेटमधे, किल्ल्या ड्रॉवरमधे किंवा टेबलावर, हे न सांगता येतं आणि त्याने पावलं खूप वाचतात. पण तेच ज्ञान डोळ्यांवर पट्टीही बांधतं. एका रनमधे स्प्रे बाटली अनपेक्षित जागी, कचऱ्याच्या डब्यात होती आणि एजंट तिच्या बाजूने दोनदा गेला, डब्यात बघितलंच नाही, कारण त्याच्या मते ती तिथे असायला नको. आता नियम असा की शक्यतेच्या क्रमाने शोध, पण यादी संपली आणि सापडलं नाही तर उरलेली प्रत्येक जागा, कितीही विचित्र वाटली तरी, बघायचीच.

इथपर्यंत जमल्यावर आम्ही सायन्सवर्ल्डकडे वळलो आणि तिथे चुकीची किंमतच वेगळी आहे. हे २०२२ चं, प्राथमिक शाळेतल्या विज्ञानावर बेतलेलं, स्वयंपाकघर, हरितगृह, कार्यशाळा, भट्टी, अंगण धरून १० ठिकाणं, ३० प्रकारची कामं. तिथे 'फोकस ऑन' अशी एक कमांड आहे, म्हणजे हीच माझी वस्तू असं एजंटने जाहीर करायचं. काम असतं, एखादी सजीव गोष्ट शोध, आधी तिच्यावर फोकस कर, मग ती स्वयंपाकघरातल्या अमुक रंगाच्या खोक्यात ठेव. आणि चुकीच्या वस्तूवर फोकस केला तर काम तिथल्या तिथे संपतं, स्कोअर वजा १००. अल्फवर्ल्डमधे चुकीचा कप उचलला तर परत ठेवता येतो, इथे एकदा बोट दाखवलं की दाखवलं.

आमचा एजंट सुरुवातीला फोकसला 'नीट बघणे' समजत होता. खोलीत शिरला की समोरच्या वस्तूवर फोकस, म्हणजे लक्षपूर्वक बघू असा त्याचा विचार, आणि खेळ खलास. शब्दाच्या रोजच्या अर्थाने घात केला. मी प्रॉम्प्टमधे ते वाक्य बदलून लिहिलं की ही बघण्याची कमांड नाही, ही उत्तर देण्याची कमांड आहे, बघायचं असेल तर 'लुक ॲट' आहे, आणि फोकस करण्याआधी चिठ्ठीत तीन गोष्टी लिहून झाल्याच पाहिजेत: कामात नेमकं काय मागितलंय, समोर उमेदवार कोणकोण आहेत, आणि हाच का व दुसरा का नाही. त्या 'दुसरा का नाही' ने फार मदत केली.

सगळ्यात जास्त आयुष्य असलेला प्राणी शोध हे काम त्याचं चांगलं उदाहरण. प्राणी बाहेर अंगणात असतात पण तिथे नुसते प्राणी नसतात, इतर वस्तूही त्याच यादीत मिसळलेल्या असतात, आणि प्राणीसुद्धा कधी पिल्लू म्हणून, कधी अंडं म्हणून. सायन्सवर्ल्डच्या वर्णनात 'द एजंट' हाही त्याच यादीत येतो, म्हणजे तो स्वतःच! एजंट आधी पहिला ओळखीचा प्राणी दिसला की फोकस करून मोकळा व्हायचा. आता तो सगळी यादी चाळतो, निर्जीव बाजूला काढतो, स्वतःला बाजूला काढतो, मग उरलेल्यांची तुलना करतो आणि लिहितो, महाकाय कासव, कारण बाकीच्यांपैकी कुणाचं आयुष्य एवढं नाही. ज्या दिवशी तो रन पहिल्यांदा पूर्ण झाला त्या दिवशी मी तो तीनदा वाचला, मला खरंच भरून आलं.

तिथे अजून एक अडचण होती जी आधी माहीत असती तर आठवडा वाचला असता. एकाच नावाच्या दोन वस्तू असतील तर सायन्सवर्ल्ड विचारतं, विनंती संदिग्ध आहे, खालीलपैकी कोणती त्याचा नंबर टाका, आणि ०, १ असे पर्याय देतं. इथे फक्त आकडा टाकायचा असतो. एजंट मात्र परत पूर्ण कमांड टाकत बसायचा आणि अडकायचा. आकडा टाका हे सांगून अर्धा प्रश्न सुटला, उरलेला अर्धा म्हणजे कोणता आकडा, आणि त्यासाठी परत चिठ्ठी, वस्तू कुठल्या भांड्यात किंवा कुठल्या खोलीत आहे ते आधी लिहिलेलं असेल तरच पर्यायांतला योग्य तो निवडता येतो. नाहीतर तो सवयीने ० टाकतो.

सध्या मी जीवनावस्थांच्या कामांवर अडकलेय. एखाद्या झाडाच्या किंवा प्राण्याच्या अवस्थांवर क्रमाने फोकस करायचा, सगळ्यात आधीची अवस्था पहिल्यांदा. इथे वस्तू एकच पण ती वाढते, बी लावलं की पावलागणिक वेळ जातो आणि चिठ्ठीत लिहिलेलं 'बी' काही पावलांनी बी राहिलेलं नसतं. माझी चिठ्ठी स्थिर वस्तूंसाठी केलेली, त्यात एकदा पाहिलं म्हणजे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, मग प्रत्येक नोंदीपुढे कितव्या पावलाला पाहिलं तो आकडा लिहायला लाव, आणि नोंद सजीवाची असेल आणि जुनी झाली असेल तर फोकसआधी परत बघायला लाव. काल रात्री तेच घातलं. सकाळी पहिला रन उघडला तर चौदाव्या पावलाला त्याने लिहिलंय, ही नोंद सहाव्या पावलाची आहे, परत बघतो, आणि बघितलं तर कुंडीत रोप आलेलं होतं. उरलेले रन्स आता वाचायला घेतेय.